पेट्रोलचा पाइप घरी बदलता येईल का? येईल, पण रबरी तुकडा आणि क्लिपा बाजूला ठेवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुम्हाला लगेच कळेल. गाडी छोटी, पेट्रोलवरची, २०१३ची. मुलुंडला सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, उभी असते. गणपतीला रेल्वेने गावी गेलात, गाडी आठ दिवस जागची हलली नाही. परत आल्यावर सकाळी पेट्रोलचा वास आणि फरशीवर ओला डाग. वाकून पाहिलंत तर मागच्या चाकाजवळ, टाकीकडून येणारा काळा, कडक पाइप कुरतडलेला, आणि किल्ली फिरवली की तिथून बारीक फवारा. कोपऱ्यावरच्या दुकानातून तुम्ही फूटभर रबरी पाइप, दोन क्लिपा आणि एम-सील आणलंय. रविवारी हे घरच्या घरी उरकेल का, असं विचारताय.

उरकेल. पण जे आणलंय त्याने नाही. आणि तोवर ती किल्ली पुन्हा फिरवू नका. एकदा बघितलंत तेवढं पुरे.

आमचा गॅरेजचा गाळा परळला होता आणि मी हात काळे करायला लागलो ते टॅक्सींवर. प्रीमियर पद्मिनी, म्हणजे सगळ्यांची ‘फियाट’. त्या टॅक्सीवाल्यांकडे पेट्रोल गळतीवर एक हुकमी औषध असायचं, कपडे धुवायचा साबण. टाकीला भोक पडलं की साबणाचा तुकडा मळून त्यात दाबायचा आणि दिवसभराची भाडी मारून संध्याकाळी गाडी आमच्याकडे आणायची. हसू नका, ते चालायचं. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, आणि टाकीच्या भोकावर जोर असतो तो फक्त आतल्या पेट्रोलच्या वजनाचा. पाइपचंही तसंच. इंजिनावर बसवलेला छोटा पंप चार-पाच पीएसआय (टायरची हवा मोजतात तेच दाबाचं माप) एवढ्या जोराने पेट्रोल कार्बुरेटरपर्यंत, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागापर्यंत, ढकलायचा. पाइप तडकला की तडकलेला तुकडा कापायचा, रबरी नळी चढवायची, क्लिप आवळायची, झालं काम. क्लिप नसली तर तारेचे दोन वेढे.

तुम्हाला दुकानदाराने दिलेला सल्ला त्या काळातला आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३मध्ये गेली, सल्ला मात्र अजून फिरतो आहे.

तुमच्या गाडीत पंप टाकीच्या आत बुडालेला आहे आणि तो पेट्रोल इंजेक्टरपर्यंत, म्हणजे कार्बुरेटरऐवजी आता इंजिनात पेट्रोल फवारतात त्या तोंडांपर्यंत, साधारण ३ बार दाबाने पाठवतो. ३ बार म्हणजे ४३-४४ पीएसआय. तुमच्या टायरमध्ये ३०-३३ असते. म्हणजे टायरच्या दीडपट जोर त्या करंगळीएवढ्या पाइपात आहे. म्हणून थेंब न पडता फवारा उडाला. थेंबाचं पेट्रोल फरशीवर पसरतं आणि हळूहळू उडून जातं. फवाऱ्याचं पेट्रोल हवेत मिसळूनच बाहेर येतं, म्हणजे जळायला तयार होऊन. भोक केवढं आहे यावर लोक दुरुस्ती ठरवतात. मी आधी विचारतो, त्या भोकामागे दाब किती आहे?

म्हणून पहिलं काम पाना उचलण्याचं नाही, पाइप ओळखण्याचं. गाडीखाली साधारण तीन जातीचे पाइप सापडतात. एक मऊ रबरी, बोटाने दाबला की दबणारा. दुसरा कडक, चकचकीत, काळा किंवा रंगीत, नायलॉनचा. त्याच्या टोकांना प्लास्टिकचे खटक्याचे कनेक्टर असतात, क्लिप नसते. तिसरा लोखंडी, गाडीच्या पोटाखालून मागून पुढे गेलेला. शिवाय पेट्रोलची वाफ कोळशाच्या डब्याकडे, म्हणजे कॅनिस्टरकडे नेणारी एक नळी असते. तिच्यात दाब जवळपास नसतो. तीच कुरतडलेली असती तर तुम्ही आणलेल्या तुकड्याबद्दल मी फार कुरकुर केली नसती, माप जुळलं तर. पण तुमच्या वर्णनावरून तुमचा पाइप नायलॉनचा आहे आणि दाबाचाच आहे, कारण वाफेची नळी किल्ली फिरवल्यावर फवारा मारत नाही.

आता रबर नायलॉनवर का चढवायचं नाही, ते सांगतो. वर्कशॉपच्या पुस्तकात ‘असं करू नका’ एवढंच असतं. मला मात्र गिऱ्हाइकासमोर मान खाली घालून शिकावं लागलं.

इंजेक्शनच्या गाड्या नव्याने आमच्याकडे यायला लागल्या तेव्हाची गोष्ट. अशीच उंदराने खाल्लेली लाइन. ओरिजिनल पाइप मिळायला चार दिवस लागणार होते आणि गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी नाशिकला जायचं होतं. मी खराब तुकडा कापला, दोन्ही टोकांवर रबर चढवलं, चार क्लिपा कचकचून आवळल्या. इंजिन चालू करून पाहिलं, एक थेंब नाही. मोठ्या रुबाबात गाडी दिली. कसाऱ्याच्या अलीकडे ती बंद पडली, रबर सरकून निघालं होतं. सुदैवाने इंजिन बंद झाल्याबरोबर पंपही थांबला आणि काही पेटलं नाही.

कारण अगदी साधं आहे. लोखंडी पाइपच्या टोकाला जरा फुगीर कडं काढलेलं असतं. रबर त्याच्या पलीकडे जातं आणि क्लिप कड्याच्या मागे बसते, म्हणून दाब आला तरी रबर मागे सरकत नाही. नायलॉनच्या पाइपला असं कडं नसतं, तो टोकापर्यंत सरळसोट आणि गुळगुळीत. त्यात क्लिप जितकी आवळाल तितका नायलॉन आतल्या आत चेपतो, इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडतो, आणि पकड सैल होते. गॅरेजमध्ये दहा मिनिटं कोरडं दिसतं ते खरंच कोरडं असतं. गळती नंतर, घाटात, गाडी तापल्यावर सुरू होते.

एम-सीलचंही सांगून टाकतो. ते बाथरूमच्या नळासाठी ठेवा. नायलॉनवर असली कुठलीही लुगदी धड चिकटत नाही, त्यातून पाइप पेट्रोलने ओला, आणि आतून ३ बारचा रेटा. वाळल्यावर दगडासारखं होतं म्हणून भरवसा वाटतो, पण पाइप गाडीबरोबर थरथरतो आणि दगड थरथरत नाही.

रबरी तुकड्याबद्दल आणखी एक, इतरांच्याही उपयोगाचं. ज्यांच्या गाडीत दाबाच्या लाइनवर कारखान्यातूनच रबरी भाग आहे आणि तोच तडकलाय, त्यांनी तो घरी बदलायला माझी हरकत नाही. फक्त पाइपवर काय छापलंय ते वाचा. ‘एसएई जे३० आर६’ किंवा ‘आर७’ लिहिलं असेल तर तो कार्बुरेटरच्या जमान्यातला, कमी दाबाचा. इंजेक्शनला ‘आर९’ किंवा त्याहून वरचा लागतो. त्याचं आतलं अस्तर वेगळ्या रबराचं असतं आणि ते इथेनॉललाही टिकतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. जुन्या पद्धतीचं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं, मग वाळून तडकतं. काहीच छापलेलं नसेल तर तो पाइप बागेला पाणी घालायला वापरा. क्लिपही दातेरी पट्टीची नको, तिच्या खाचा रबरात रुततात आणि कापतात. आतून गुळगुळीत, कडा वळवलेली इंजेक्शनची क्लिप मागा. नागदेवी स्ट्रीटला ती मिळते, पाइपही मिळतो. जुना तुकडा मात्र सोबत न्या. आतलं माप डोळ्यांनी सांगायला गेलात की दोन फेऱ्या नक्की.

तुमच्यापुरता मार्ग एकच, तो नायलॉनचा पाइप कनेक्टरपासून कनेक्टरपर्यंत पूर्ण बदलायचा. कंपनीच्या पार्ट्सच्या दुकानात चॅसी नंबर सांगा, ते नेमका नंबर काढून देतील. दोन-चार दिवस लागले तर लागू द्या, गाडी उभी राहू दे. कुर्ल्याला सीएसटी रोडवर तुटलेल्या गाड्यांचे पार्ट मिळतात, मीही तिथून खूप काही आणलंय, पण पेट्रोलचा पाइप कधीच आणला नाही. दहा वर्षं उन्हात पडलेला नायलॉन वळवला की कडकन मोडतो.

पण घरी करायचं की नाही हे पाइपची टोकं कुठे आहेत यावर ठरतं, आणि ते मला इथून दिसत नाही. दोन्ही कनेक्टर गाडीखालून हाताला लागत असतील, तर करा. एक टोक टाकीच्या माथ्यावर असेल, तर मागची सीट उचलून पाहा. काही गाड्यांत सीटखाली झाकण असतं आणि पंपाचं तोंड तिथे उघडं होतं. झाकण नसेल तर टाकी उतरवावी लागते, आणि अर्धी भरलेली टाकी दोन माणसांनी सोसायटीत उतरवायची, हे काम मी माझ्या भावालाही घरी करू देणार नाही. टो करून गॅरेजला न्या.

लोखंडी पाइप गंजून गळत असेल तरीही गॅरेजच. समुद्राची हवा आणि पावसाळ्यातला चिखल प्लास्टिकच्या पकडीमागे साचून राहतो आणि पाइप तिथूनच, न दिसणाऱ्या बाजूने, खातो. एक भोक दिसलं की शेजारची दोन रांगेत असतात. त्या जागी कुणी तांब्याची नळी सुचवली तर नको म्हणा. थरथरीने तांबं कडक होतं आणि तडकतं.

डिझेलच्या कॉमन रेलची जाड लोखंडी नळी आणि नव्या डायरेक्ट इंजेक्शन पेट्रोल इंजिनावरची तसलीच नळी, यांना घरी पानासुद्धा लावायचा नाही. डिझेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो, बारीक धार कातडीतून आत घुसते. सीएनजीची लाइन २०० बारची, तिचा प्रश्नच येत नाही. तुमच्या गाडीला सीएनजी असेल आणि ‘गॅसवर चालवत गॅरेजला नेतो’ असं मनात असेल तर तेही नको. बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवर होतात आणि मग गॅसवर जातात, म्हणजे सुरू करतानाच पंप फवारा मारणार.

आता कामाचं. मी कसं करतो, त्या क्रमाने सांगतो.

गाडी आधी स्टिल्टमधून बाहेर काढायची, ढकलत. तुमच्या स्टिल्टमध्ये बहुतेक मीटर रूम आणि पाण्याचा पंप असेल. तो पंप ठरल्या वेळी आपोआप सुरू होतो आणि त्याच्या स्टार्टरमध्ये ठिणगी पडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर न जाता जमिनीलगत सरपटते, गटारात उतरते, कोपऱ्यात साचते. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोल पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, त्यामुळे मुंबईत ‘आज गारवा आहे’ याला काही अर्थ नाही. बेसमेंटला गाडी असणाऱ्यांनी तर बेसमेंटमध्ये हे काम करूच नये. मोकळ्या आवारात आणा, वॉचमनच्या केबिनपासून लांब, आणि वॉचमनला विडीचं सांगून ठेवा. तो नेमका काम बघायलाच येतो.

सोसायटीच्या भिंतीवरचं पावडरचं अग्निशामक नळकांडं उतरवून पायाशी ठेवा. काटा हिरव्यात आहे का ते बघा. बहुतेक ठिकाणी तारीख उलटून गेलेली असते, त्या निमित्ताने सेक्रेटरींना कळेल. पाण्याची बादली यासाठी उपयोगाची नाही, पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरवतं. पेटलंच आणि पहिल्या काही सेकंदांत आटोक्यात आलं नाही, तर गाडी वाचवत बसू नका, लांब व्हा आणि १०१ फिरवा.

इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड हवेत. फ्यूज बॉक्समधून फ्युएल पंपाचा फ्यूज काढून खिशात घाला. पुस्तकात सांगतात की फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे लाइनमधला दाब जातो. न फुटलेल्या लाइनला ते बरोबर आहे. तुमची लाइन फुटलेली आहे, दाब त्या भोकातूनच निघून गेलाय. गळतीवर उभ्या गाडीत स्टार्टर फिरवायची गरज नाही. फ्यूज काढा, बॅटरीची निगेटिव्ह सोडवा, टाकीचं झाकण उघडून आतली हवा मोकळी करा, बस.

गाडी वर घेताना जॅकवर विसंबून खाली शिरू नका, घोड्या (जॅक स्टँड) लावा. पेव्हर ब्लॉकवर जॅक खचतो, खाली जाड फळी हवी. चाकांना विटा लावा. उजेडासाठी एलईडी बॅटरी, ती खाली जायच्या आधीच चालू केलेली. वायरचा बल्ब नको, त्यावर पेट्रोलचा एक थेंब पडला की काच फुटते आणि आत तापलेली तार असते.

डोळ्यांना चष्मा, हातात नायट्राइलचे हातमोजे. हातमोजे पेट्रोलसाठी आहेतच, पण तुमच्याकडे उंदीर येऊन गेलाय. पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे उंदराच्या लघवीतून पसरणारा ताप, कशाने होतो ते मुंबईकराला सांगायला नको. तो भाग आधी साबणाच्या पाण्याने आणि ब्रशने धुऊन घ्या. त्याने कनेक्टरवरची मातीही जाते, आणि माती गेली नाही तर खटका सुटत नाही.

खटक्याचा कनेक्टर सोडवताना खालून लोखंडी ट्रे धरा, वर चिंधी गुंडाळा. आधी कनेक्टर आतल्या दिशेला जरासा ढकला, मग दोन्ही बाजूंचे कान दाबा, मग बाहेर ओढा. लोक थेट ओढतात, कान आणखी घट्ट बसतात, मग स्क्रूड्रायव्हर घालतात आणि पंपाचं प्लास्टिकचं तोंड मोडतात. मग पाइपचं काम पंपाचं होऊन बसतं. काही कनेक्टरना कानांऐवजी रंगीत कुलूप असतं, ते सरकवायचं. थोडं पेट्रोल येईलच. टाकी भरलेली असेल तर सायफनने येतच राहतं, म्हणून हे काम टाकी तळाला असताना बरं, आणि नवा पाइप हाताशी ठेवून मगच जुना काढायचा.

जुन्या कनेक्टरमधली रबरी रिंग सुट्या तोंडावर अडकून राहिली नाही ना, ते बोट फिरवून बघा. एकावर दुसरी रिंग बसली की हमखास गळती. तोंडावर इंजिन ऑइलचं बोट फिरवा, नवा कनेक्टर सरळ दाबा, ‘टक्’ असा आवाज यायला हवा. आवाजावर विश्वास ठेवू नका, मागे जोरात ओढून बघा. पाइप जुन्याच वाटेने, जुन्याच पकडींत बसवा. सायलेन्सरच्या जवळून ‘शॉर्टकट’ नको.

मग तपासणी, आणि इथे घाई करू नका. बॅटरी जोडा, फ्यूज लावा, घरच्या कुणाला तरी किल्लीवर बसवा. इंजिन चालू करायचं नाही, नुसती किल्ली ऑन. मागून दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण येईल आणि थांबेल. तेवढ्यात लाइनमध्ये दाब चढतो. तुम्ही बाजूने वाकून, तोंड लांब ठेवून, दोन्ही सांधे बघा. किल्ली बंद, पुन्हा ऑन, असं तीन-चार वेळा. सांध्याखाली टिश्यू पेपर धरला की न दिसणारा ओलावाही कळतो. कोरडं असेल तर मग इंजिन चालू करून दहा-पंधरा मिनिटं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, वास येवो न येवो, पुन्हा एकदा वाकून बघा. माझं कसाऱ्याचं काम दहा मिनिटं कोरडंच होतं.

आता उंदराचं. नुसता पाइप बदलून तुम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा इथेच याल. उंदराला पेट्रोल आवडतं म्हणून तो कुरतडत नाही. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, ते झिजवायला त्याला कडक पण चावता येईल असं काहीतरी लागतं, आणि आठ दिवस न हललेली गाडी ही त्याची सोयीची जागा. पुदिन्याचे स्प्रे, तंबाखूच्या पुड्या मी सगळं पाहिलंय, पहिला पाऊस किंवा पहिला आठवडा गेला की काही उरत नाही. जो भाग खाल्ला गेला तिथे लोखंडी जाळीदार नळी किंवा बारीक जाळी पाइपभोवती सैलसर गुंडाळा, टोकं पाइपला घासणार नाहीत अशी. कचऱ्याचा डबा गाडीपासून हलवा, आणि गावी जाताना शेजाऱ्याकडे किल्ली देऊन दर दोन दिवसांनी गाडी चार फूट पुढे-मागे करायला सांगा. वॉर्ड ऑफिसला तक्रार केली तर महापालिकेची माणसं बिळांत औषध टाकायला येतात. सोसायटीच्या पत्रावर केलेली तक्रार लवकर हलते.

जाळी गुंडाळताना शेजारच्या वायरीही बघून घ्या. गाडीला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी सोय) असेल, तर पाइप खाल्लाय म्हणजे मागच्या चाकाची तिची वायर उंदराने सोडली असेल असं वाटत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते कळवा.

आणि कामात भिजलेल्या चिंध्या घरात, बाल्कनीत किंवा गच्चीखाली गोळा करून ठेवू नका. मोकळ्यावर एकेक सुटी पसरून वास जाईपर्यंत वाळवा, मगच कचऱ्यात टाका. ट्रेमध्ये जमलेलं पेट्रोल गटारात ओतू नका, स्वच्छ असेल तर झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्या. तो पार्ट धुवायला वापरेल आणि वर चहा पाजेल.